रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

आपल्या सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लिहा, असे समितीने मला सुचवले. आपल्याकडे शिरवळच्या कारखान्यांत काम करणारे आहेत, तिथले मॅनेजर आहेत, स्वतःचे छोटे वर्कशॉप चालवणारेही आहेत. सगळे एकाच जिन्याने वर-खाली करतो. म्हणून मला रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे आठवले. मालक आणि कामगार यांच्यात बोलणी घडवून आणणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या माणसांपैकी ते एक.

लोखंडे यांचा जन्म १८४८ चा, ठाण्याचा. घराणे मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातले. घरची गरिबी, त्यामुळे शिक्षण मॅट्रिकच्या आसपास थांबले. रेल्वे आणि पोस्टात नोकरी केल्यावर ते मुंबईच्या मांडवी भागातल्या एका कापड गिरणीत स्टोअरकीपर झाले. तिथे त्यांनी गिरणी आतून पाहिली. महात्मा फुले यांचे ते सहकारी. कृष्णराव भालेकरांनी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र १८८० पासून त्यांनी मुंबईतून चालवले.

त्या काळी गिरणीत विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवला की काम सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास भरत. पगाराला महिनोन्‌महिने उशीर व्हायचा आणि आठवड्याची हक्काची सुट्टी हा प्रकारच नव्हता. भोर-वेल्ह्याच्या डोंगरी भागातही भातशेतीवर वर्ष निघायचे नाही, त्यामुळे पुढे घरटी एखादा तरी माणूस मुंबई धरायचा. आपल्यातल्या कितीतरी जणांचे आजोबा-पणजोबा गिरणीत किंवा गोदीत होते. हा इतिहास आपल्या घरातलाच आहे.

गंमत अशी, की गिरणी मालकांची संघटना १८७५ पासूनच होती, कामगारांची मात्र नव्हती. सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले तेव्हा, सप्टेंबर १८८४ मध्ये, लोखंडे यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. मागण्या मोजक्याच होत्या : रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, कामाचे ठरलेले तास, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. मालकाला अशक्य वाटावे असे त्यात काही नव्हते.

लगेच काही मिळाले नाही. पण लोखंडे यांनी पिच्छा सोडला नाही. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. रविवार हा खंडोबाचा वार, हेही कारण लोखंडे यांनी पुढे केल्याचे सांगतात. मागणी थेट मालकांच्या संघटनेकडे गेली आणि १० जून १८९० रोजी संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षीच्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि मधली विश्रांती आली.

लोखंडे यांच्या संघटनेला वर्गणी नव्हती, नियमावली नव्हती. त्यामुळे तिला युनियन म्हणावे की नाही, असा वाद अभ्यासक घालतात. त्यांनी संपाऐवजी अर्ज-विनंत्यांवर भर दिला, ही टीकाही होते. मला वाटते, तेव्हा कामगाराच्या हातात दुसरे होते तरी काय! १८९३ च्या दंगलीनंतर त्यांनी हिंदू-मुसलमानांत सलोख्यासाठी धडपड केली. १८९७ साली मुंबईत प्लेगची साथ असताना रुग्णांची सेवा करता करता ९ फेब्रुवारीला ते स्वतःच प्लेगने गेले. पन्नाशीही गाठली नव्हती. २००५ साली त्यांच्या नावाचे टपाल तिकीट निघाले.

मी बँकेत आधी क्लार्क, नंतर ऑफिसर होतो. बँकांमध्ये १९६६ पासून व्यवस्थापन आणि युनियन यांच्यात द्विपक्षीय करार होतात. चर्चा लांबायच्या, कधी संपही व्हायचा. पण करारावर सह्या झाल्या की दोन्ही बाजू तो पाळायच्या. युनियनचा माणूस म्हणून मी काउंटरच्या अलीकडून बोललो आणि ऑफिसर झाल्यावर पलीकडूनही. मागणी लेखी, नेमकी आणि झेपेल अशी असली की समोरचा ऐकतो, हे मी दोन्हीकडून पाहिले.

आता थोडे आपल्याबद्दल. आपली सोसायटीसुद्धा मालकच आहे. गेटवरचे वॉचमन आणि जिने झाडणाऱ्या मावशी आपल्याकडे कामाला आहेत. त्यांना आठवड्यातून एक भरपगारी सुट्टी मिळावी आणि त्या दिवशी बदली माणूस ठेवावा, असे पत्र मी समितीला दिले आहे. दर फ्लॅटमागे मेंटेनन्स थोडा वाढेल. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेऊ या. आणि ठराव करण्याआधी त्या दोघांनाही सभेत बसवून त्यांचे म्हणणे ऐकू या, एवढी माझी सर्वांना विनंती.