गळा गेल्यावर सापडलेली वाट

कोल्हापूरकरांना अल्लादियाखाँसाहेबांचे नाव नव्याने सांगायला नको. देवल क्लबच्या आवारात गेलेल्या कुणालाही ते माहीत असते. पण त्यांचे गाणे आपल्यापैकी कुणीच ऐकलेले नाही. त्यांनी आपला आवाज तबकडीवर येऊ दिला नाही. आज उरले आहे ते शिष्यांच्या गळ्यातून आलेले.

जन्म १८५५ चा, राजस्थानातील उणियाऱ्याचा. घराणे ध्रुपदियांचे. आपले पूर्वज शांडिल्य गोत्राचे गौड ब्राह्मण होते आणि पुढे मुसलमान झाले, ही घराण्यातली परंपरा खाँसाहेब अभिमानाने सांगत. लहानपणीच वडील गेले, तालीम दिली चुलते जहांगीरखाँ यांनी. आधी ध्रुपद-धमार, मग ख्याल. शेकडो चिजा तोंडपाठ, आणि गळाही तसाच तयार.

तो गळाच एके दिवशी गेला. मालव्यातील आमलेट्याच्या दरबारात मालकाच्या हौसेपायी दिवसरात्र गावे लागले आणि आवाज बसला. गवयाचा आवाज बसणे म्हणजे सुताराचा हात तुटणे. बऱ्याच काळाने आवाज परत आला, पण पूर्वीचा लवचिक गळा आलाच नाही. दुसरा एखादा जुन्या नावावर शिकवण्या करून जगला असता. खाँसाहेबांनी उरलेल्या आवाजाला काय पेलेल ते नव्याने शोधायला घेतले. तरुणपणी जयपुरात ऐकलेल्या मुबारक अलीखाँची पेचदार तान डोक्यात होतीच. तिला ध्रुपदाचे वजन दिले, खुला आकार दिला, लयीशी बांधून घेतले. बसंती केदार, सावनी, खोकर असे अनवट राग बैठकीत आणले. आज जिला जयपूर-अत्रौली गायकी म्हणतात ती अशी, पडझडीतून उभी राहिली.

१८९५ च्या सुमारास शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापुरात आणले. तेव्हा ते चाळिशीत होते. पुढची सत्तावीस वर्षे ते दरबारचे गवई राहिले. १९२२ मध्ये महाराज गेले आणि खाँसाहेबांनी मुंबई गाठली. वय सदुसष्ट.

मला सर्वांत आवडतात ती यानंतरची आणि याच्या थोडी आधीची वर्षे. सांगलीला वैद्याकडे औषधोपचारासाठी राहिलेले असताना जवळच्या घरातून एका मुलीचा रियाज त्यांच्या कानी पडे. एके दिवशी म्हातारबाबा आपणहून तिच्या घरी गेले आणि शिकवू लागले. ती मुलगी म्हणजे कुर्डीच्या मोगूबाई. एवढा मोठा गवई कुणाच्या तरी पोरीच्या दारात स्वतः जातो, तेही आजारपणात, हे मला त्यांच्या कुठल्याही बिरुदापेक्षा मोठे वाटते. पुढे मोगूबाईंची तालीम मध्येच तुटली, काही काळ त्या खाँसाहेबांचे बंधू हैदरखाँ यांच्याकडे शिकल्या, आणि १९३४ साली त्यांनी खाँसाहेबांचाच गंडा बांधला. गुरू तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते.

केरीच्या केसरबाईंनी १९२१ मध्ये गंडा बांधला होता. ती तालीम थेट खाँसाहेबांच्या अखेरीपर्यंत, म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे चालली. रोज तासन्‌तास, एकेक तान घोटून. बायकांचा गळा वेगळा, त्याची पट्टी वेगळी. आपल्या मोडक्या आवाजासाठी घडवलेली गायकी या गळ्यांत बसवताना सत्तरीतल्या उस्तादाला पुन्हा विचार करावाच लागला असणार. (याच केसरबाईंची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानावरच्या तबकडीतून अवकाशात गेली!)

म्हातारपण सुखाचे नव्हते. ज्यांच्यावर मोठी भिस्त होती ते पुत्र मंजीखाँ १९३७ मध्ये ऐन भरात गेले. बापाने मुलाला माती दिली. तरी शिकवणे थांबले नाही. शेवटच्या वर्षांत नातू अजीजुद्दीनखाँला जवळ बसवून त्यांनी आपली जीवनकहाणी उर्दूत सांगितली, नातू लिहून घेत गेला. नव्वदीच्या उंबरठ्यावर हेही एक नवेच काम.

१६ मार्च १९४६ रोजी मुंबईत खाँसाहेब गेले. कोल्हापुरात धाकटे पुत्र भूर्जीखाँ शिकवत राहिले. मंजीखाँच्या जाण्याने पोरके झालेले धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर त्यांच्याकडेच पुढची तालीम घेत होते.