अर्धे राहिलेले काम

कामास आरंभ करणारे आमच्यांत पुष्कळ निघतात; बुडालेले काम पुन्हा हाती धरणारा विरळा. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणारे मेजर रॉबर्ट गिल अशा विरळ्यांपैकी होत.

मद्रासच्या फौजेंतील या चित्रकारास कंपनी सरकारने १८४४ साली या कामावर नेमिले. अंधार, ओल व वटवाघळे यांस न जुमानता त्यांनी भिंतीवरील चित्रे मोठमोठ्या कापडांवर तैलरंगांत उतरवून विलायतेस पाठविली. १८६६ च्या डिसेंबरांत लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि थोडी वगळता ती सर्व भस्मसात झाली. वीस वर्षांच्या श्रमांची राख झाली, आणि गिलसाहेबांची साठी उलटून गेली होती. तरी त्यांनी कुंचला पुन्हा उचलला. १८७९ साली ते वारले. त्यांची कबर भुसावळास आहे. त्यांच्या हयातींतच, १८७२ पासून, ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेंतील एतद्देशीय विद्यार्थ्यांकडून हेच काम नव्याने आरंभिले होते.

गिल परकीय सत्तेचे चाकर होते, हे आम्ही विसरत नाही. परंतु पूर्वजांची चित्रे ओलीने झडत असतां आम्ही काय करीत होतो, हा प्रश्न आम्हांस टाळतां येत नाही. तो प्रश्न अजिंठ्यापुरताच नाही. इटियाडोहच्या आसपासच्या झाडीपट्टींत नाटकांचे पडदे हाताने रंगविले जातात. अशा एखाद्या कारागिराचे अर्धे राहिलेले काम पुरे होण्यास लागणारे कापड व रंग आमच्या व्यापारी बंधूंस जड नाहीत. ते त्यांनी आजच द्यावे.