रॉबर्ट ओवेनची हिशेबवही

मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यापैकी किमान दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी, असे २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरविले. तेव्हापासून उद्योगांची सामाजिक जबाबदारी म्हणजे हे दोन टक्के, असे समीकरण आपल्याकडे रूढ झाले आहे. वाणिज्य शाखेचे विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत तेच लिहितात. परंतु नफा कोठे खर्च केला, या प्रश्नाच्या आधी तो मिळविला कसा, हा प्रश्न येतो. तो ज्याने स्वतःच्या गिरणीत व स्वतःच्या जमाखर्चात सोडवून पाहिला, त्या रॉबर्ट ओवेनच्या चरित्राचे म्हणूनच आज स्मरण व्हावे.

ओवेनचा जन्म १७७१ मध्ये वेल्समधील न्यूटाउन या लहानशा गावी झाला. वडील खोगिरे बनवीत व लोखंडी सामान विकीत. दहाव्या वर्षी घर सोडून त्याने कापडदुकानात उमेदवारी पत्करली आणि विशीच्या उंबरठ्यावरच तो मँचेस्टरमधील सुमारे पाचशे कामगारांच्या सूतगिरणीचा व्यवस्थापक झाला. १७९९ मध्ये त्याने भागीदारांसह स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्कच्या गिरण्या डेव्हिड डेल यांच्याकडून साठ हजार पौंडांना विकत घेतल्या. त्याच वर्षी डेल यांच्या कन्येशी त्याचा विवाह झाला आणि १८०० पासून गिरण्यांचा कारभार त्याच्या हाती आला.

वस्ती सुमारे दोन हजारांची होती. त्यात अनाथ व निर्धन मुलांची संख्या पाचशेच्या घरात होती. ओवेनने अशी मुले नव्याने घेणे थांबविले आणि दहा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवणे बंद केले. गिरणीच्या दुकानात चांगला माल रास्त भावाने मिळू लागला व त्या दुकानाचा नफा शिक्षणाकडे वळविण्यात आला. तरीही कामगार या परक्या मालकाकडे संशयानेच पाहत होते. पुढे अमेरिकेच्या निर्यातबंदीमुळे कापसाचे भाव कडाडले आणि चार महिने यंत्रे थांबवावी लागली. त्या काळात ओवेनने कोणालाही कामावरून कमी न करता पूर्ण मजुरी दिली. हा खर्च सात हजार पौंडांच्या वर गेला. कामगारांचा विश्वास त्याला मिळाला तो या प्रसंगाने.

भागीदारांना मात्र अशा खर्चाचे वावडे होते. वाद विकोपाला जाऊन १८१३ मध्ये गिरण्या लिलावात निघाल्या. ओवेनने नवे भागीदार जमविले व एक लाख चौदा हजार शंभर पौंडांची बोली जिंकली. या भागीदारांत तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅम होता. भांडवलावर पाच टक्क्यांहून अधिक परतावा घ्यायचा नाही, ही अट सर्वांनी मान्य केली. १८१६ मध्ये वस्तीत शिक्षणसंस्था उघडली. तिच्यातील बालशाळा ब्रिटनमधील आरंभीच्या बालशाळांत गणली जाते. एवढे करूनही गिरण्या नफ्यात चालत होत्या, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विशेष लक्षात घ्यावे.

एकट्या मालकाच्या सद्भावनेने भागणार नाही, हेही ओवेनला उमगले होते. बालमजुरीवर कायद्याने बंधन यावे म्हणून १८१५ पासून त्याने खटपट केली. १८१९ चा कायदा झाला, परंतु तो सूतगिरण्यांपुरताच होता. नऊ वर्षांखालील मुलांना त्याने मनाई केली, पण सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना दिवसाचे बारा तास राबविण्याची मुभा ठेवली. अंमलबजावणीची सक्षम यंत्रणाही त्यात नव्हती.

या चरित्राला काळी बाजूही आहे. न्यू लॅनार्कच्या चात्यांवर चढणाऱ्या कापसात गुलामांच्या श्रमाने पिकविलेला कापूस होता. गिरणीच्या दाराआत दाखविलेली माणुसकी कच्च्या मालाच्या उगमापर्यंत पोचली नाही. वस्तीचे हितही बहुतांशी मालकच ठरवीत असे. अमेरिकेत १८२५ मध्ये सुरू केलेली न्यू हार्मनी ही आदर्श वसाहत दोन-तीन वर्षांत मोडली व त्यात त्याच्या संपत्तीचा मोठा भाग गेला. १८५८ मध्ये जन्मगावीच त्याचे निधन झाले.

आपल्याकडील नियमांनुसार कर्मचाऱ्यांच्या हितासाठी केलेला खर्च त्या दोन टक्क्यांत धरला जात नाही. म्हणजे ओवेनने चार महिने दिलेली मजुरी आज सामाजिक जबाबदारीच्या रकान्यात बसली नसती. नियम योग्यच आहे, कारण मजुरी हा दानधर्म नव्हे. पण म्हणूनच तो रकाना पाहून कंपनीची नीती ठरविता येत नाही. गावाला शाळा बांधून देणारी कंपनी आपल्या कंत्राटी कामगाराला वेळेवर वेतन देते काय, सांडपाणी कोठे सोडते आणि कच्चा माल कोणाच्या श्रमातून घेते, हे आधी विचारले पाहिजे. शेवटच्या प्रश्नाला ओवेनपाशीही उत्तर नव्हते. ते शोधण्याची जबाबदारी दोन शतकांनंतरच्या उद्योगांना टाळता येणार नाही.