बिनचावीचं घड्याळ

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत भिवंडीला घरी गेलो, तेव्हा आजोबांच्या पेटीत एक मनगटी घड्याळ सापडलं. आजोबा लूमच्या कारखान्यात जॉबर होते. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. घड्याळ बंद, तबकडी पिवळी पडलेली आणि गंमत म्हणजे त्याला चावीच नव्हती. तुटून पडली म्हणावी, तर केसला चावीचं भोकही नाही!

एका घड्याळवाल्याकडे नेलं. केसला भोक पाडून नवी चावी बसवतो म्हणाला, तीनशे रुपये. मी हो म्हणूनही बसलो होतो. पण दुसऱ्या दिवशी सबमिशनसाठी होस्टेलला परतायचं होतं, म्हणून काम राहिलं. नशीबच म्हणायचं!

होस्टेलवर आल्यावर रूम पार्टनरने घड्याळ हातात घेऊन सहज काचेभोवतीची कडी फिरवली, तर चक्क काटे फिरले. सहाच्या आकड्याच्या वर एक बारीक भोक होतं, कडी फिरवली की त्यातला रंग बदलायचा. घड्याळ हलवलं की आत काहीतरी आपटल्यासारखं वाटायचं. या तीन खुणा घेऊन आम्ही लायब्ररी आणि नेट पालथं घातलं, आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. जॉन हारवूड. मनगटावर चालणारं ऑटोमॅटिक घड्याळ प्रथम बाजारात आणणारा माणूस. घड्याळं दुरुस्त करणाऱ्यांच्या जगात हे नाव मोठं आहे. मला मात्र मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षापर्यंत ते ठाऊक नव्हतं!

हारवूडचा जन्म 1893 सालचा, गाव इंग्लंडमधलं बोल्टन. हे वाचून मला एकदम आपलं कोणीतरी भेटल्यासारखं झालं, कारण बोल्टन म्हणजे लँकेशायरमधलं सूतगिरण्यांचं गाव. सूत कातायचं म्यूल यंत्र 1779 साली काढणारा सॅम्युएल क्रॉम्प्टन तिथलाच. आमच्या भिवंडीत जशी पहाटेपासून लूमची खडखड, तशी तिथे गिरण्यांची. हारवूड मात्र गिरणीत गेला नाही, तो घड्याळ दुरुस्ती शिकला.

पहिलं महायुद्ध आलं आणि तो सैन्यात गेला. खंदकात खिशातून घड्याळ काढून बघायला सवड कुठली? म्हणून सैनिक घड्याळ मनगटावर बांधू लागले. युद्धानंतर ही घड्याळं सर्रास दिसू लागली आणि दुरुस्तीलाही येऊ लागली. हारवूडच्या लक्षात आलं की बहुतेक बिघाड एकाच वाटेने येतात. चावीचा दांडा जिथून केसमध्ये शिरतो, त्या भोकातून धूळ आणि दमटपणा आत जातो. तेल घट्ट होतं, चाकं अडतात. साफ करून द्या, काही महिन्यांनी तेच घड्याळ परत हजर.

आपण असतो तर भोकाला चांगलं पॅकिंग शोधलं असतं. हारवूडने भोकच काढून टाकायचं ठरवलं. पण मग चावी कशी द्यायची आणि काटे कसे लावायचे? मुलं सी-सॉवर खेळताना बघून त्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर सुचलं असं सांगतात. घड्याळात त्याने एक वजन टांगलं. हात हलला की ते डावी-उजवीकडे झुलणार, दोन्ही टोकांना छोट्या स्प्रिंगवर आपटून परत फिरणार आणि त्या झोक्याने मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाणार. काटे लावायला काचेभोवतीची कडी. आपोआप चावी बसणारी खिशातली घड्याळं अठराव्या शतकातच झाली होती, पण खिशात हालचाल ती किती! मनगट मात्र दिवसभर हलतं.

भांडवलासाठी हॅरी कट्स नावाचा भागीदार मिळाला. नमुना घेऊन हारवूड स्वित्झर्लंडला गेला आणि 1924 साली त्याला तिथलं पेटंट मिळालं. फोर्टिस कंपनीच्या वॉल्टर फोग्टने घड्याळ बनवायची तयारी दाखवली, आणि 1926 च्या बाझेलच्या जत्रेत ते जगासमोर आलं. 1928 साली लंडनमध्ये हारवूडच्या नावाची कंपनीही निघाली.

पण लगेच जागतिक मंदी आली आणि 1931 साली कंपनी बुडाली. त्याच वर्षी रोलेक्सने पूर्ण गोल फिरणाऱ्या वजनाचं ऑटोमॅटिक घड्याळ आणलं आणि पुढे नाव झालं ते त्यांचं. रोलेक्सचं यंत्र सरस होतं हे मान्य करायला हवं. हारवूडच्या घड्याळाला हाताने चावी देताच येत नव्हती. ते पूर्ण भरलं तरी साधारण बारा तास चालायचं, आणि थांबलं की हलवल्याशिवाय इलाज नाही. तरी वाट त्याने पाडली होती. त्याचं श्रेय 1956 साली खुद्द रोलेक्सने आपल्या जाहिरातीत त्याला दिलं. पुढच्याच वर्षी ब्रिटनच्या घड्याळ संस्थेने त्याला सुवर्णपदक दिलं. तेव्हा तो चौसष्ट वर्षांचा होता. 1964 साली तो गेला.

आमचं घड्याळ कल्याणच्या एका वयस्कर कारागिराने उघडलं. आपटण्याच्या दोन स्प्रिंगांपैकी एक मोडली होती. ती त्यांनी जुन्या तारेतून घडवली, यंत्र धुऊन तेल दिलं. तबकडी रंगवायला मात्र मी नको म्हटलं. मला सर्वात आश्चर्य वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. लूमच्या कारखान्यात सुताची पिंज नाकातोंडात जाते, पण या घड्याळात तिचा धागा सापडला नाही.

घरी आल्यावर आजीला ते चालू करून दाखवलं. तेव्हा ती म्हणाली की आजोबा रोज सकाळी कामावर निघताना हे घड्याळ दहा-बारा वेळा झटकायचे. घरात सगळे हसायचे, लहानपणी मीही हसलो असेन. आजोबांनी हारवूडचं नाव बहुधा कधी ऐकलं नसेल, पण त्याचं यंत्र त्यांना कळलं होतं. मी मात्र इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असून त्याला भोक पाडायला निघालो होतो!

मित्रांनो, एखाद्या यंत्रात काही नाही असं दिसलं तर ते तुटलंय की मुद्दाम ठेवलेलं नाही, हे आधी बघा. ड्रिल मशीन त्यानंतर.