सेनापती बापट : एका पुस्तिकेचा प्रवास



बदलापूर, अंबरनाथ किंवा उल्हासनगरहून लोकलने दादरला उतरणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांनी पश्चिमेकडील रस्त्याच्या पाटीवर सेनापती बापट मार्ग हे नाव वाचले असेल. ही पदवी कोणत्या सैन्याची, हा प्रश्न मात्र आपण सहसा विचारीत नाही. त्याच्या उत्तराकडे जाण्यापूर्वी पांडुरंग महादेव बापट यांच्या तारुण्याचा काळ समजून घ्यावा लागेल.

बापटांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. ते ज्या पिढीत वाढले, तिला शोधकांविषयी अपार आदर होता. विनायक कोंडदेव ओक यांचे 'बालबोध' मासिक १८८१ पासून मुलांना थोरांची चरित्रे आणि शास्त्रीय विषय पुरवीत होते. १८९५ मध्ये जगदीशचंद्र बसूंनी कोलकात्यात बिनतारी लहरींचे प्रयोग दाखविले. पाश्चात्त्यांची यंत्रविद्या आत्मसात केलेल्या जपानने १९०५ मध्ये रशियाला नमविले. ज्ञान मिळविले की सामर्थ्य आपोआप येते, असा विश्वास यातून दृढ होत गेला. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना हे त्याचे विधायक रूप; त्याच विश्वासाला दुसरे रूपही होते.

डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन बापट १९०४ साली शिष्यवृत्तीवर एडिंबरोला यांत्रिक अभियांत्रिकी शिकण्यास गेले. ब्रिटिश सत्तेवर टीका करणारे भाषण केल्यामुळे ती शिष्यवृत्ती गेली. पुढे लंडनच्या इंडिया हाउसमध्ये त्यांचा सावरकरांशी स्नेह जुळला आणि यंत्रे शिकण्यास निघालेला हा विद्यार्थी बॉम्बची विद्या शिकण्यासाठी पॅरिसला पोहोचला. तेथे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास यांच्यासह त्यांनी रशियन क्रांतिकारकांकडून ती विद्या व तिची पुस्तिका मिळविली. मूळ मजकूर रशियन. हाती आले ते इंग्रजी भाषांतर. त्याच्या प्रती पुढे नाशिक, कोलकात्याचा माणिकतळा आणि लाहोर येथील झडत्यांत सापडल्या. भाषेच्या अभ्यासकाला हा प्रवास विलक्षण वाटतो. शस्त्र समुद्रापलीकडून आले ते भाषांतराच्या रूपाने.

तुमच्या घरातील कोणी अंबरनाथच्या आयुध निर्माणीत नोकरीस असेल, तर शस्त्र म्हणजे कारखाना, यंत्रे आणि पाळ्या हे तुम्हांस ठाऊकच आहे. टिळकांनी ९ जून १९०८ च्या 'केसरी'तील अग्रलेखात बॉम्बविषयी नेमके याच्या उलट प्रतिपादन केले. बॉम्बला मोठे कारखाने लागत नाहीत, ते एक प्रकारचे ज्ञान आहे, जणू मंत्र किंवा ताईत. म्हणून शस्त्रबंदीच्या कायद्याने ते रोखता येणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सरकारला दिलेला तो इशारा होता. तरीही शास्त्राच्या वर्णनात मंत्राची उपमा यावी, यात त्या काळाची श्रद्धा उघड होते. अशा लेखनाबद्दल टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली.

मंत्राचे फळ मात्र अपेक्षेप्रमाणे आले नव्हते. ३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे किंग्जफोर्ड या न्यायाधीशासाठी फेकलेल्या बॉम्बने केनेडी कुटुंबातील दोन स्त्रियांचे प्राण घेतले. त्यानंतरच्या अलीपूर खटल्यात माफीच्या साक्षीदाराने बापटांचे नाव घेतले आणि ते भूमिगत झाले. १९१२ मध्ये त्यांना अटक झाली. पुराव्याअभावी सुटकाही झाली. नंतर पारनेरला त्यांनी हाती झाडू घेऊन रस्ते झाडले.

१९२१ मध्ये मुळशीच्या खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. मुंबईला वीज हवी होती. मावळ्यांची शेते आणि घरे पाण्याखाली जाणार होती. अभियांत्रिकी शिकलेले बापट त्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभे राहिले. सेनापती हे बिरुद त्यांना मिळाले ते येथे. त्यांचा शस्त्रावरचा विश्वास पूर्णपणे गळून पडला होता, असे समजणे मात्र सोयीचे असले तरी खरे नाही. १९२४ च्या अखेरीस त्यांनी धरणाच्या कामाची आगगाडी सशस्त्र अडविली आणि सात वर्षांची शिक्षा पत्करली. धरण झालेच.

अलीपूर खटल्यातील एक प्रमुख आरोपी होते अरविंद घोष. बापटांनी उत्तरायुष्यात त्यांच्या दिव्यजीवनविषयक ग्रंथाचा मराठी अनुवाद केला. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी बापटांचे निधन झाले.