अदृश्य काचेच्या कॅथरीन

कॅथरीन ब्लॉजेट यांचा जन्म १० जानेवारी १८९८ रोजी अमेरिकेतील स्केनेक्टडी या गावी झाला. जन्माआधी काही आठवडेच घरात शिरलेल्या चोराच्या गोळीने त्यांचे वडील दगावले होते. वडील जनरल इलेक्ट्रिक कंपनीत पेटंटचे वकील होते. पुढे कॅथरीन त्याच कंपनीच्या प्रयोगशाळेत जाऊ इच्छीत होत्या, पण तिथले शास्त्रज्ञ अर्व्हिंग लँगम्युर यांनी त्यांना आधी उच्च शिक्षण घेण्याचा सल्ला दिला.

पहिले महायुद्ध सुरू होते. शिकागो विद्यापीठात कॅथरीन यांनी विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यातला कोळसा वायू कसा शोषतो, याचा अभ्यास केला. १९१८ मध्ये त्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेतील पहिल्या महिला शास्त्रज्ञ झाल्या. १९२६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची भौतिकशास्त्रातील पीएच.डी. मिळवणाऱ्याही त्या पहिल्याच महिला.

लँगम्युर पाण्यावर पसरणाऱ्या, एकाच रेणूइतक्या जाडीच्या तेलकट थरांवर काम करीत. कॅथरीन यांनी काचेची पट्टी पाण्यात बुडवून वर काढत हे थर काचेवर एकावर एक चढवण्याची पद्धत बसवली. जाडी बदलली की साबणाच्या फुग्यासारखा थराचा रंग बदलतो. त्या रंगावरूनच त्या जाडी मोजू लागल्या.

१९३८ मध्ये त्यांनी असे ४४ थर चढवलेली काच जगासमोर आणली. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परत फिरतो. घड्याळावर किंवा चष्म्यावर जी चकाकी दिसते ती हीच. थराची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असली, तर थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारून टाकतात आणि चकाकी नाहीशी होते. काच जणू दिसेनाशी होते.

या शोधात एक उणीव होती. तो थर मऊ होता, कापडाने पुसला तरी निघून जाई. जर्मनीत झाईस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्येच निर्वातात थर चढवण्याची रीत शोधली होती. अमेरिकेतही इतरांनी त्याच वाटेने अधिक टिकाऊ थर तयार केले. आजच्या घड्याळांची आणि चष्म्यांची कोटिंग याच रीतीने होतात, पण तत्त्व तेच राहिले: मोजून ठेवलेली जाडी.

म्हणूनच घड्याळाच्या कोटिंगवर ओरखडा उठला, तर तो घासून भरून येत नाही. नीलम काच हिऱ्याच्या खालोखाल कठीण असते, पण तिच्यावरचा थर केसाहून शेकडो पट पातळ असतो. जिथे थर गेला तिथे चकाकी परत येते आणि ओरखडा उठून दिसतो. टूथपेस्टने घासल्यास शेजारचा चांगला थरही जातो. आधी सौम्य साबणाच्या ओलसर मऊ कापडाने पुसून पाहावे, कारण कधी तो केवळ मळ असतो. खरा ओरखडा असेल, तर कुशल कारागिराकडून बाहेरचा थर पूर्ण काढून घ्यावा किंवा काच बदलावी. बरेच उत्पादक म्हणूनच कोटिंग काचेच्या आतल्या बाजूलाच देतात. चष्म्याच्या बाबतीत भिंग बदलणेच योग्य. तोवर सदऱ्याच्या टोकाने कोरडे पुसणे टाळावे, कारण धुळीचे कण कोटिंगवर घासले जातात. भिंगे आधी पाण्याखाली धरून मगच पुसावीत.

दुसऱ्या महायुद्धात कॅथरीन यांनी विमानाच्या पंखांवर साचणारे बर्फ आणि धुराचे पडदे यांवर काम केले. १९६३ मध्ये त्या निवृत्त झाल्या. १२ ऑक्टोबर १९७९ रोजी स्केनेक्टडीतच त्यांचे निधन झाले. त्यांनी बसवलेल्या पद्धतीने चढवलेल्या थरांना शास्त्रज्ञ आजही लँगम्युर-ब्लॉजेट थर म्हणतात.