दोन्ही हातांनी खेळला, खुणेकडे मात्र पाहिले नाही

गुणवत्ता असली की माणसाला कोणी अडवत नाही, असे आपल्या मुलांना शाळेपासून ऐकवले जाते. राखीव जागांचा विषय निघाला की हे ऐकवण्याचा जोर जरा वाढतो. आम्ही आज वाचकांपुढे अशा एका माणसाची हकिगत ठेवत आहोत, ज्याने स्वतःच्याच तोंडाने या म्हणण्यातली हवा काढून टाकली. हा माणूस आपल्यातला नाही, आपल्या देशातला नाही आणि आपल्या बाजूचाही नाही. तो अमेरिकेतला गोरा खेळाडू होता. टोनी मुलेन त्याचे नाव. बेसबॉलच्या इतिहासात तो दोन्ही हातांनी चेंडू टाकणारा पिचर म्हणून ओळखला जातो.

मुलेनचा जन्म २० जानेवारी १८५९ रोजी आयर्लंडमधील कॉर्क परगण्यात झाला. त्याआधीच्या दशकात बटाट्याचे पीक सडून आयर्लंडात भीषण दुष्काळ पडला होता. लाखो माणसे उपासमारीने व रोगाने मेली आणि लाखोंनी देश सोडला. हे देश सोडणे पुढेही थांबले नाही. १८६४ मध्ये मुलेनचे कुटुंब अमेरिकेत गेले व पेनसिल्वेनिया राज्यातील ईरी या गावी स्थायिक झाले. अमेरिकेत तेव्हा आयरिश माणसाला काय किंमत होती? कालवे खणणारा, हमाली करणारा, दारुडा आणि भांडखोर अशी त्याची प्रतिमा होती. गोऱ्यांच्याच नियतकालिकांतील व्यंगचित्रकार त्याचा चेहरा माकडासारखा काढत. हे आम्ही मुद्दाम सांगत आहोत, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून थोडे समजून घेतले पाहिजे. पिचर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला गोलंदाज. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारा तो कॅचर, म्हणजे जवळजवळ यष्टिरक्षक. पण एक मोठा फरक आहे. बेसबॉलमध्ये पुढचा चेंडू कोणता टाकायचा हे कॅचर बोटांच्या खुणेने पिचरला सुचवतो. सरळ वेगवान की वळणारा, हे दोघांना आधी ठाऊक असते, म्हणून कॅचरचा हात वेळेवर योग्य जागी जातो. १८८० च्या दशकात पिचर अवघ्या पन्नास फुटांवरून चेंडू टाकत असे. कॅचरच्या हातात आजच्यासारखा गादीचा मोजा नसे. फार तर बोटे कापलेला पातळ चामड्याचा मोजा, नाहीतर उघडा हात. खूण चुकली तर कॅचरची बोटे मोडत.

मुलेन ऑगस्ट १८८१ मध्ये डेट्रॉइटच्या संघातून मोठ्या स्पर्धेत उतरला. सुरुवात काही चांगली झाली नाही. पाच सामन्यांत एक विजय, चार पराभव. लांब चेंडू फेकण्याच्या एका शर्यतीत त्याचा उजवा हात दुखावला होता, असे सांगितले जाते. दुसरा एखादा असता तर घरी बसला असता. मुलेनने डाव्या हाताने चेंडू टाकायचा सराव केला. पुढे उजवा हात बरा झाला आणि त्याच्यापाशी दोन हत्यारे झाली. पिचर तेव्हा मोजा घालत नसत. मुलेन चेंडू दोन्ही हातांत धरून उभा राहायचा आणि तो कोणत्या हातातून सुटणार, हे फलंदाजाला शेवटपर्यंत कळायचे नाही. उजव्या फलंदाजाला उजव्या हाताचा आणि डावखुऱ्याला डाव्या हाताचा पिचर अवघड जातो. दोन्ही हात तयार असणाऱ्याची मग चैनच.

१८८२ मध्ये तो केंटकीतील लुईव्हिल शहराच्या संघात गेला. अमेरिकन असोसिएशन ही नवी लीग त्याच वर्षी सुरू झाली होती. १८ जुलै १८८२ रोजी बाल्टिमोरविरुद्ध चौथ्या डावापासून डावखुरे फलंदाज आले की तो डाव्या हाताने चेंडू टाकू लागला. नवव्या डावापर्यंत जमले आणि मग चार्ली हाउसहोल्डर नावाच्या डावखुऱ्या फलंदाजाने डाव्या हाताचाच चेंडू मैदानाबाहेर भिरकावला. सामना ९-८ असा गेला. पण त्या मोसमात मुलेनने ३० सामने जिंकले. ११ सप्टेंबरला सिनसिनाटीविरुद्ध तर एकाही फलंदाजाला एकही हिट घेऊ दिली नाही. पुढच्या वर्षी सेंट लुईसकडून त्याचे ३५ विजय झाले. चोविसाव्या वर्षी तो नामांकित खेळाडू झाला होता. दिसायला देखणा, मिशा पिळदार, स्वभावाने गुर्मीचा.

याच वेळी त्याचे मालकांशी वाजले. बेसबॉलच्या मालकांनी एक राखीव-नियम केला होता. करार संपला तरी खेळाडू त्याच मालकाच्या ताब्यात राहायचा आणि दुसरीकडे जास्त पैसे मिळत असले तरी जाऊ शकत नव्हता. १८८४ साठी हा नियम न मानणारी एक नवी लीग निघाली. मुलेनने तिच्याशी करार केला. लगेच काळ्या यादीची धमकी आली. शेवटी तडजोड होऊन तो जुन्या लीगमध्ये परतला, आणि त्याला ओहायो राज्यातील टोलेडोच्या संघात धाडण्यात आले. मालकाच्या दावणीला बांधून घ्यायचे नाही, हा त्याचा हट्ट आम्हाला आवडतो. पण टोलेडोत त्याची गाठ ज्या माणसाशी पडली, त्या प्रसंगी हा स्वाभिमान कुठे गेला?

टोलेडोचा कॅचर होता मोझेस फ्लीटवूड वॉकर. वयाने मुलेनपेक्षा दोन वर्षांनी मोठा, ओबर्लिन कॉलेजात व मिशिगन विद्यापीठात शिकलेला आणि काळा. १ मे १८८४ रोजी तो लुईव्हिलच्या मैदानावर उतरला. मोठ्या लीगमध्ये उघडपणे काळा म्हणून खेळणारा तो पहिला माणूस. याच शहरात १८८१ मध्ये गोऱ्या खेळाडूंनी त्याला मैदानात येऊ दिले नव्हते. आता प्रेक्षकांनी त्याची हुर्यो केली. त्याआधी, १० ऑगस्ट १८८३ रोजी, शिकागोचा प्रसिद्ध कर्णधार कॅप ॲन्सन टोलेडोत येऊन काळ्यासोबत खेळणार नाही म्हणून अडून बसला होता. वॉकरचे हात दुखावलेले होते, तो त्या दिवशी खेळणारही नव्हता. टोलेडोचे व्यवस्थापक चार्ली मॉर्टन यांनी मुद्दाम त्याला मैदानात उतरवले. तिकिटांचे पैसे बुडतील म्हटल्यावर ॲन्सनचे सोवळे सुटले.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपली 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना अर्पण केली होती. त्यानंतर अकराच वर्षांनी एक काळा कॉलेजात शिकून मैदानावर बसला होता आणि समोर उभा असलेला गोरा त्याच्या बोटांकडे पाहायला तयार नव्हता.

होय, मुलेनने वॉकरच्या खुणा घ्यायचे नाकारले. वळणारा चेंडू मागितला तर वेगवान फेकायचा. एकदा असे झाल्यावर वॉकर उठून त्याच्यापाशी गेला आणि शांतपणे सांगितले की, खुणा नसतील तर नसोत, मी झेलीन, पण खूण देऊन तू उलटे टाकणार असशील तर नाही. त्यानंतर पुढचा चेंडू कोणता येणार हे ठाऊक नसताना वॉकर मुलेनचे चेंडू झेलत राहिला. जवळजवळ उघड्या हातांनी, पन्नास फुटांवरून, आणि तेही कधी डाव्या तर कधी उजव्या हातून येऊ शकणारे.

हे सारे कोणा काळ्याने केलेले आरोप नाहीत. स्वतः मुलेननेच १९१९ मध्ये, पस्तीस वर्षांनी, हे सांगितले. आपण ज्यांच्याबरोबर खेळलो त्यांत वॉकरसारखा कॅचर दुसरा नव्हता, अशीही कबुली त्याने दिली. आणि त्याच दमात, तो काळा म्हणून आपल्याला नको होता, हेही. वाचकांनी हे दोन्ही एकत्र वाचावे. वॉकरची गुणवत्ता त्याच्या शत्रूला पूर्ण मान्य होती. ती सिद्ध करायला काहीच उरले नव्हते, तरी खूण नाकारली गेली.

त्या मोसमात मुलेनने ३६ सामने जिंकले. टोलेडोच्या संघाचे एकूण विजय ४६. वॉकर ४२ सामने खेळला, बाकीच्या सामन्यांत इतर गोरे कॅचर होते. मुलेनच्या ३६ विजयांची नोंद पुस्तकात आहे. वॉकरच्या सुजलेल्या बोटांसाठी त्या पुस्तकात रकाना नाही. उलट खूण नाकारल्यामुळे जो चेंडू सुटला, तो कॅचरच्याच नावावर चूक म्हणून लागला.

आणि हे करणारा कोण? ज्याच्या बापजाद्यांना गोऱ्यांनीच माकड म्हटले, तो आयरिश. मालकांच्या नियमाविरुद्ध उभा राहणारा. बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले, ती ज्यांनी आपल्या गावात पाहिली आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. मुंबईच्या गिरण्यांत सवर्ण कामगार मालकाशी लढत होता आणि त्याच वेळी विणकाम खात्यात अस्पृश्याला येऊ देत नव्हता, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे टाकला तेव्हा त्यांची अडचण झाली होती. वरच्याकडून लाथ खाणाऱ्याला खालचा कोणी तरी हवाच असतो.

वॉकरची त्या जुलैमध्ये बरगडी मोडली. सप्टेंबरमध्ये व्हर्जिनियातील रिचमंडहून टोलेडोच्या व्यवस्थापकांना पत्र आले की, वॉकर मैदानात उतरला तर पंचाहत्तर माणसे त्याला झोडपायला तयार आहेत. तो तिकडे गेलाच नाही. त्याच महिन्यात त्याला संघातून मोकळे करण्यात आले. मुलेनला १८८५ चे पूर्ण वर्ष बंदी भोगावी लागली, ती दोन मालकांशी एकाच वेळी करार केल्याबद्दल. खूण नाकारल्याबद्दल त्याला कोणी जाब विचारल्याची नोंद नाही. बंदी संपल्यावर तो परतला, सिनसिनाटीत गाजला आणि एकूण २८४ सामने जिंकून निवृत्त झाला. पुढे शिकागोच्या पोलीस दलात नोकरी केली. १९४४ मध्ये तो मेला तेव्हाही मोठ्या लीगचे दरवाजे काळ्यांना बंद होते. जॅकी रॉबिन्सन १५ एप्रिल १९४७ रोजी आत गेला.

वॉकर लहान लीगमध्ये १८८९ पर्यंत खेळला. मधे १४ जुलै १८८७ रोजी त्याच्या लीगने काळ्या खेळाडूंशी नवे करार करायचे नाहीत असा ठराव सहा विरुद्ध चार मतांनी केला. १९०८ मध्ये त्याने एक पुस्तिका लिहिली आणि अमेरिकेत आपल्या लोकांना कधी न्याय मिळणार नाही, त्यांनी आफ्रिकेत निघून जावे, असे मत मांडले. ते मत आम्हाला पटत नाही. पण टोलेडोचा तो मोसम ठाऊक असलेल्या कोणी त्याला निराशावादी म्हणू नये. ११ मे १९२४ रोजी क्लीव्हलँड येथे तो वारला.